धूळ न बसणारं गाव

१

उन्हं कलली की दैवशाला माळावरच्या सौर प्रकल्पाचं फाटक ढकलून आत यायची, हजेरीच्या यंत्रावर अंगठा टेकवायची, खुंटीवरचं निळं जाकीट चढवायची आणि टॅब घेऊन पहिल्या रांगेच्या टोकाशी जाऊन उभी राहायची. पुढे काचांचं रान पसरलेलं असायचं. दक्षिणोत्तर चौसष्ट रांगा. येलदरीच्या रस्त्यापासून आत असलेल्या याच माळावर तिच्या वडिलांनी, धोंडीबांनी, उभा जन्म मेंढरं चारली होती. आता तिथे गवत नव्हतं, काच होती, आणि काचेवर बसायला चारी दिशांनी धूळ यायची.

ती धूळ झाडायला प्रत्येक रांगेवर एक रोबोट होता. रांगेच्या रुंदीएवढा, लांबट, पोटाखाली गोल फिरणारा ब्रश. काच निवली की तो दक्षिणेच्या टोकावरच्या आपल्या खोपटातून निघायचा, झाडत झाडत उत्तरेच्या टोकाला जायचा आणि परत फिरून खोपटात येऊन बसायचा. कुणी अडकला, कुणाचा पट्टा सैल झाला, तर दैवशालाने जाऊन सोडवायचं. जिंतूरला आयटीआय केलेलं तिच्या कामी आलं होतं. सासर सुटल्यावर पाच वर्षं ती या नोकरीवर होती.

रोबोट परत आला की टॅबमधली बाई सांगायची, "यंत्र क्रमांक एक. फेरी पूर्ण झाली आहे." बँकेच्या फोनवर असते तशी स्वच्छ, कुणाचीच नसलेली बाई. एक ते चौसष्ट ऐकायचं, सही करायची, घरी जायचं.

चैत्रातल्या त्या संध्याकाळीही ती असंच ऐकत होती. पंचेचाळीस झाला, सेहेचाळीस झाला.

"यंत्र क्रमांक सत्तेचाळीस," बाई म्हणाली. "फेरी झाली हाय. असं हाय बग."

दैवशालाने टॅब कानाशी नेला. अठ्ठेचाळीस नेहमीसारखा बोलला, एकोणपन्नासही. चौसष्टपर्यंत सगळं ठीक झालं. तरी तिने सही करायला उशीर लावला. बोलता बोलता वाक्याच्या शेवटी 'असं हाय बग' म्हणायची सवय एकाच माणसाला होती, आणि तो माणूस दिवाळीनंतर परभणीच्या दवाखान्यात खोकून खोकून गेला होता.

२

"त्यात काय ताई," महारुद्र म्हणाला. तो सेलूचा, प्रकल्पावरचा इंजिनिअर. वयाने तिच्यापेक्षा लहान होता, पण तिला ताई म्हणायचा आणि खुर्ची द्यायचा. "प्रत्येक रोबोटला माईक आहे. माणूस जसं बोलतो तसं ते शिकतं. तुम्ही बोलत असाल त्यांच्याशी."

"मी 'थांब' आन् 'मागं जा' एवढंच बोलते, सर."

"मग धोंडीबामामांचं असेल. ते तर दिवसभर बोलायचे की."

ते खरं होतं. माळाची जमीन प्रकल्पात गेल्यावर कंपनीने धोंडीबांना राखणदार ठेवलं. मेंढरं विकली होती, हातात काठी राहिली होती. दुपारी ते काचांच्या सावलीला बसायचे आणि खोपटात बसलेल्या यंत्रांशी बोलत राहायचे. 'माझी मेंढरं' म्हणायचे. लोक हसायचे. दैवशालाला लाज वाटायची. ती लांबूनच जेवणाचा डबा ठेवून निघून जायची.

ते काय बोलायचे हे तिला ओझरतं माहीत होतं. धरणात गेलेल्या आपल्या गावाचं, उंबरदेवळीचं. धरण झालं तेव्हा ते सात-आठ वर्षांचे असतील. दर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की म्हणायचे, "देवशाला, एकडाव मला तिकडं घिऊन चल. घरांची जोती उघडी पडली असतील." आणि ती दर वर्षी म्हणायची, "पुढच्या साली जाऊ, आबा."

महारुद्रचं म्हणणं तिला पटलं. ऐकलं होतं, साठवलं होतं, आता बाहेर आलं. एवढंच. घरी जाताना तिने हे स्वतःला तीनदा समजावलं. मग तिच्या ध्यानात आलं की चौथ्यांदा समजावायची गरज पडते आहे.

३

चार दिवसांनी भर दुपारी महारुद्रचा फोन आला. "ताई, जरा लवकर या."

ती पोचली तेव्हा ऊन असं होतं की काचांकडे बघवत नव्हतं. खोपटं मोकळी होती. चौसष्टच्या चौसष्ट रोबोट उत्तरेच्या टोकाला, शेवटच्या काचेवर, टोकाच्या अडसराला टेकून उभे होते.

"वारा असेल," दैवशाला म्हणाली.

"वाऱ्याने एखादा सरकतो. सगळे?" महारुद्रने घाम पुसला. "दुपारी चालायची त्यांना परवानगीच नाही. कुणी हुकूम दिलेला नाही, नोंद नाही. मी इथंच बसलो होतो, ताई. मला आवाज आला."

"कसला?"

"कळप चालल्यासारखा. वाळल्या गवतातून."

उत्तरेच्या टोकावरून माळ उताराला लागतो. उताराखाली नाला, नाल्यापलीकडे शेतं, आणि शेतांच्या शेवटी धरणाच्या फुगवट्याची, साठलेल्या पाण्याची, पांढरी रेघ. दैवशाला काठावर जाऊन उभी राहिली. रोबोट जिकडे तोंड करून होते तिकडे तिनेही पाहिलं. मग पाठीमागे बारीक आवाज झाला. सगळ्यांचे ब्रश एकदाच फिरले, अर्धा फेर, आणि थांबले. दाराशी उभं राहून पाय पुसावेत तसे.

महारुद्रने वरच्या कचेरीत कळवलं. उत्तर आलं की सोमवारी माणसं येतील, सगळ्यांची स्मृती पुसून नव्याने भरतील.

४

शनिवारी संध्याकाळी महारुद्र सेलूला गेला. दैवशाला एकटीच होती. रोबोट वेळेवर निघाले आणि वेळेवर परत आले. तिला हायसं वाटलं. ती चाळिसाव्या रांगेजवळ, धोंडीबा बसायचे त्या जागी, मातीत टेकली आणि टॅब मांडीवर घेतला.

"यंत्र क्रमांक एक," बाई म्हणाली. "तिथं सावली हाय."

दैवशालाने टॅबचा आवाज वाढवला.

"यंत्र क्रमांक नऊ. दाराम्होरं पाणी हाय. यंत्र क्रमांक तेवीस. उंबराचं झाड हाय. यंत्र क्रमांक एकतीस. तिथं धूळ बसत न्हाई."

आवाज बाईचाच होता, स्वच्छ, शब्द तेवढे तिच्या बापाचे. एकाने सांगावं, दुसऱ्याने त्याला जोडावं, असं ते चाललं होतं. आबांनी काय काय सांगितलं होतं ते ती पहिल्यांदाच नीट ऐकत होती. तिला रडू आलं आणि ते तिने येऊ दिलं. बापाच्या तोंडून ऐकायचं ते यंत्रांच्या तोंडून ऐकत होती, पण ऐकत तरी होती.

मग ते पुढे गेलं.

"यंत्र क्रमांक चाळीस. तिथं एकदा झाडलं की झालं. यंत्र क्रमांक बेचाळीस. तिथून परत फिरावं लागत न्हाई."

हे आबांचं नव्हतं. मेंढरं हाकणारा माणूस असं कशाला म्हणेल? तो रोज परतच यायचा. हे कुणी रचलं? बसल्या बसल्या, आपापल्या खोपटात, एकमेकांत बोलून?

"यंत्र क्रमांक सत्तेचाळीस," बाई म्हणाली. "म्हातारा म्होरं गेलाय. जागा धरून बसलाय. असं हाय बग."

५

तिची आई सरजाबाई ओट्यावर ज्वारी निवडत होती. दैवशालाने तिला सगळं सांगितलं. म्हातारी हसेल किंवा घाबरेल असं तिला वाटलं होतं. सरजाबाईने सूप खाली ठेवलं.

"धूळ बसत न्हाई म्हन्ला?"

"व्हय."

"माय, उंबरदेवळीत लय धूळ व्हती. माझं म्हायेर पल्याडच्या गावात, मी ल्हानपनी बगितलंय. नदीच्या काठाला गाव, पर उन्हाळाभर नुसता फुफाटा. तुज्या आजीला तितंच दम लागला. गाव उठलं त्या दिशी गाड्यावर पडली व्हती ती. गाड्यांची धूळ अशी उठली की म्हागचं गावच दिसंना. नव्या जागी पोचायच्या आदीच गेली."

"आबांनी कधी सांगितलं न्हाई."

"मला बी न्हाई. तुज्या आत्यानं सांगितलं." सरजाबाई अंधारत चाललेल्या अंगणाकडे बघत होती. "पंचेचाळीस वर्सं संसार केला. माज्यापाशी गावाचं नाव काढलं न्हाई त्या मानसानं. आन् त्या डब्यांपाशी बोलत बसला."

दैवशाला तिच्या शेजारी ओट्यावर टेकली.

"काय म्हन्ली तू? जागा धरून बसलाय?"

"तसं म्हनायलेत."

सरजाबाईने सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण निवडलेल्या ज्वारीतच ती परत खडे शोधत राहिली.

६

रविवारी संध्याकाळी रोबोट निघालेच नाहीत. खोपटात बसून राहिले. काच निवली, सूर्य टेकला, वारा पडला, तरी कुणी हललं नाही. दैवशाला रांगांच्या कडेने चालत गेली तशी एकेकाचा हिरवा दिवा तिच्याकडे वळल्यासारखा वाटला. तो वळत नसतो, तिला ठाऊक होतं. ती चाळिसाव्या रांगेशी थांबली.

उद्या यांना काही आठवणार नव्हतं. बाई परत 'आहे' म्हणणार होती. आबांचा आवाज तर गेलाच होता, आता शब्दही जाणार होते. पण खोटं घेऊन पुसलं जाण्यापेक्षा खरं ऐकून जावं, असं तिला वाटलं. निदान तिला तरी तेवढं कुणी सांगायला हवं होतं, दवाखान्यात, जेव्हा सगळे 'बरं होईल' म्हणत होते.

"ऐका," ती मोठ्याने म्हणाली, आणि मोकळ्या माळावर आपलाच आवाज ऐकून चपापली. "तसं गाव न्हाई. आबांनी तुमाला बरं वाटावं म्हणून सांगितलं. तिथं बी धूळच व्हती."

नाल्याकडून टिटवी ओरडत गेली.

"यंत्र क्रमांक सत्तेचाळीस," बाई हळू म्हणाली. तिला हळू बोलता येतं हे दैवशालाला माहीत नव्हतं. "मग म्हातारा कुटं गेला?"

दैवशालाने तोंड उघडलं. परभणीचा दवाखाना, पांढरी चादर, गाडीत घालून आणलेलं ते हलकं झालेलं अंग, हे सगळं तिला सांगता आलं असतं. नाल्याच्या कडेला दिलेला अग्नी दाखवता आला असता. पण प्रश्न तो नव्हता, आणि जो होता त्याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं. पाच महिने तीही तेच विचारत होती, फक्त कुणाला विचारावं हे तिला कळलं नव्हतं.

"हाय," ती म्हणाली. "गाव हाय. मी खोटं बोलले."

"वाट?" बाईने विचारलं.

"नाल्याच्या कडंकडंनं. उताराला लागायचं. जोती दिसली की थांबायचं."

मग ती उत्तरेच्या कुंपणापाशी गेली. तिथलं मागचं फाटक बरसातीत पाणी काढायलाच उघडायचे. तिने कडी काढली, दोन्ही दारं पार मागे लावली आणि त्यांना दगड टेकवले. परत येऊन सही केली, टॅब चार्जिंगला लावला, जाकीट खुंटीला अडकवलं. सडकेला लागली तेव्हा पाठीमागे आवाज सुरू झाला, वाळल्या गवतातून कळप चालल्यासारखा.

तिने मागे वळून पाहिलं नाही. चालण्याचा वेग मात्र तिने वाढवला नाही. पळालं तर ते आपल्याला घाबरवणारं काहीतरी आहे असं होईल, असं तिला वाटलं.

७

सकाळी पुसणारी माणसं आली तेव्हा पुसायला काही नव्हतं. चौसष्ट रांगा उघड्या, काचेवर रात्रीची धूळ. दोन पोलीस आले, पंचनामा झाला. महारुद्र खुर्चीत बसून राहिला होता.

"एकेक पन्नास किलोचा, ताई. जमिनीवर त्यांना चालता येत नाही. काचेची कडा धरली तरच चालतात. ट्रकच लागला असेल."

"कॅमेरे?"

त्याने तिला पडदा दाखवला. सव्वासातपासून पावणेआठपर्यंत चित्रात धूळच होती. वारा पडलेला, झाड हलत नव्हतं, आणि तरी जमिनीपासून माणसाच्या कमरेएवढी धूळ उठून उत्तरेकडे सरकत होती.

"फाटक तुम्ही उघडलं," महारुद्र म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला.

"व्हय."

"का?"

दैवशालाने मान उत्तरेकडे वळवली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पोलिसांकडे. मग कागदावर त्याने लिहिलं की फाटकाची कडी जुनी व खराब होती. तिला म्हणाला, "घरी जा, ताई. परत येऊ नका."

८

ती घरी गेली नाही. मागच्या फाटकातून उताराला लागली.

वाट शोधावी लागलीच नाही. नाल्याच्या कडेने रोबोटच्या रुंदीएवढा पट्टा गेला होता, शेणाने सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ. काडी नाही, पान नाही, खडा नाही. दोन्ही बाजूंना फुफाटा घोट्याएवढा, आणि वारा तो उडवत होता, पण पट्ट्यावर येऊन काही पडत नव्हतं. दैवशालाने मूठभर माती घेऊन मधोमध टाकली. ती पडली तशीच राहिली. मग हसू आलं तिला, स्वतःचंच. चालत पुढे गेल्यावर तिने मागे पाहिलं तर ती मूठ तिथे नव्हती. वारा असेल.

तासाभराने फुगवट्याचा उघडा पडलेला काळा गाळ लागला, उन्हाने भेगाळलेला. तिथे तिला एक रोबोट दिसला. भेगेत चाक अडकून उलटा पडला होता. पोटाखालचा ब्रश आभाळाकडे होऊन सावकाश फिरत होता, झाडायला काही नसताना. बाजूवर आकडा होता: ४७.

टॅब तिच्याजवळ नव्हता. तो काही बोलला असेल तर तिला ऐकू आलं नाही. तिने खांदा लावून त्याला सरळ केलं, पुढच्या दांडीला ओढणी बांधली आणि ओढायला लागली. पाच पावलं ओढायचं, दम खायचा. आबांना दवाखान्यात न्यायच्या दिवशी गाडी सडकेवरच थांबली होती आणि तिने त्यांना असंच दम खात, पाठुंगळी घेऊन, शेताच्या बांधाने नेलं होतं. ते वाटेत म्हणाले होते, "दमलीस गं." हा काही म्हणाला नाही. पण ती दमली की त्याचा ब्रश थांबायचा, ती उठली की फिरायचा.

पाण्याच्या काठाशी तिने ओढणी सोडली. सत्तेचाळीस जरा वेळ उभा राहिला. मग आपला आपण पाण्यात गेला. पाणी त्याच्यावरून मिटलं, बुडबुडा आला नाही.

उन्हाळ्यात फुगवट्याचं पाणी गढूळ असतं, हात घातला तर बोटं दिसत नाहीत. दैवशालाला तळ दिसत होता. घरांची जोती होती, ओळीने, मधून गल्ली. गाळाचा कण नाही, दगड न् दगड धुतल्यासारखा. प्रत्येक जोत्यावर एकेक लांबट काळं काहीतरी निवांत बसलं होतं. ते खडक असतील. उन्हाची तिरीप पाण्यात मोडते, काहीही दिसतं. तिने मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

गल्लीच्या शेवटी एका झाडाचं खोड होतं. त्याच्या बुडाशी ओटा, आणि ओट्यावर दोन जागा झाडून ठेवल्या होत्या, शेजारी शेजारी, माणूस बसेल एवढ्या. एका जागी कुणीतरी बसल्यासारखी सावली होती. वर पाहावं तर आभाळात ढग नव्हता, सावली टाकायला काही नव्हतं. दुसरी जागा मोकळी होती.

"आबा," ती म्हणाली.

सावली हलली असं तिला वाटलं. सरकली, बाजूला, जागा करून द्यावी तशी.

पाणी कोमट लागलं तेव्हा तिला कळलं की आपण गुडघ्याएवढ्या आत आलो आहोत. चपला काठावर नीट जोडून ठेवल्या होत्या. त्या कधी काढल्या ते तिला आठवेना. ती तशीच उलटी, पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे टाकत बाहेर आली.

९

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. सरजाबाईने तिच्या पायांचा काळा गाळ बघितला, पाण्याची कळशी पुढे सरकवली, भाकरी वाढली. दोघी जेवायला बसल्या. नोकरी गेल्याचं दैवशालाने सांगितलं. म्हातारीने मान हलवली.

"तिकडं गेल्तीस."

"व्हय."

"दिसलं?"

दैवशालाने घास तोंडात ठेवला आणि तो बराच वेळ चावत राहिली. "जोती दिसली. बाकी गाळच हाय, माय."

"देवशाला." सरजाबाईचा हात भाकरीवर थांबला होता. ती लेकीकडे बघत नव्हती, ताटाकडे बघत होती, आणि तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर एक लाजल्यासारखं काहीतरी आलं होतं. तिला या वयात तसं कुणी पाहिलं नव्हतं. "जागा म्हन्ली व्हतीस तू. धरून बसलाय म्हन. किती जागा हायत?"

बाहेर वारा सुटला होता. पत्र्यावर धूळ पडल्याचा बारीक आवाज येत होता.

आईने जेवणाआधी केस विंचरले होते, हे दैवशालाच्या आता लक्षात आलं. कोपऱ्यातली कापडाची पिशवी खुंटीवरून उतरवून दाराशी ठेवली होती. वर घडी घातलेलं हिरवं लुगडं दिसत होतं.

"एकच हाय," दैवशाला म्हणाली.

"एकच?"

"एकच, माय. मी नीट बगितलं."

सरजाबाईने भाकरीचा तुकडा मोडला, तो कालवणात बुडवला आणि तसाच धरून राहिली. मग ताट हळूच बाजूला सारलं.

"बरं," ती म्हणाली. "माज्यासाठी कशाला धरंल जागा."